बामणोलीकडे फोर बाय फोर (चारही चाकांना जोर देणारी गाडी) नेताय? डिझेल आधी मोजा

टाकी साताऱ्यातच फुल करा. कास ओलांडल्यावर पंप सापडेल या भरवशावर राहू नका. डॅशबोर्डवरचा ‘इतके किलोमीटर जाईल’ हा आकडा मागच्या चालवण्यावरून निघतो; हायवेवरून आलात तर तो हमखास फुगलेला असतो. लो रेंजमध्ये (वेग कमी, जोर जास्त देणारे गिअर), चिखलात ॲव्हरेज निम्म्यावर येतं असं धरा. म्हणजे ७२ किमी डांबरी १२ च्या ॲव्हरेजने ६ लिटर, ३६ किमी कच्चा ६ ने आणखी ६. झाले १२. वर राखीव म्हणून पाव हिस्सा, ३ लिटर. परतीचं अंतर यातच धरा, बरेच जण तिथेच फसतात. जादा डिझेल न्यायचंच तर धातूच्या जेरीकॅनमध्ये, वर थोडी जागा सोडून, घट्ट बांधून. पाण्याच्या बाटल्यांत अजिबात नाही.