मॅजेलॅनिक मेघातले मरणपंथाला लागलेले तारे: म्हातारा कोण, तान्हा कोण?

पोस्ट-एजीबी तारे म्हणजे एजीबी या फुगलेल्या लाल राक्षसी अवस्थेच्या शेवटी बाहेरचं आवरण टाकून दिलेले म्हातारे तारे. ते शोधायला मोठा मॅजेलॅनिक मेघ ही शेजारची छोटी दीर्घिकाच का, हे तुम्हाला ठाऊक असेलच. तिथले सगळे तारे जवळपास एकाच अंतरावर, सुमारे 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षांवर. तेजस्विता काढताना अंतराचा घोळ नाही.

उमेदवारांची यादी चटकन होते. स्पिट्झर अवकाश दुर्बिणीने या मेघाच्या केलेल्या ‘सेज’ सर्वेक्षणातली अवरक्त मापं घ्यायची, ‘टूमास’ या जमिनीवरून झालेल्या अवरक्त सर्वेक्षणातली जोडायची आणि 8 व 24 मायक्रॉन तरंगलांबीला जास्तीचा उजेड देणारे तारे वेचायचे. ऊर्जेच्या आलेखात दोन उंचवटे दिसतात: एक ताऱ्याचा, दुसरा त्याने टाकलेल्या धुळीचा. इथेच माणूस हुरळतो.

धूळ नुकत्या जन्मलेल्या ताऱ्याभोवतीही असते! तोच रंग, तीच तेजस्विता. फरक सापडतो पृष्ठीय गुरुत्वात (त्याचा लॉगरिदम म्हणजे लॉग जी). तेजस्विता आणि तापमान सारखं म्हणजे त्रिज्याही सारखीच. उरतं फक्त वस्तुमान. म्हाताऱ्यात सूर्याच्या साधारण 0.6 पट शिल्लक असतं, तेवढ्याच तेजाचा तान्हा मात्र दहा पट सूर्याएवढा असू शकतो. म्हणजे लॉग जीमध्ये 1.2 चा फरक. कमी विभेदनाच्या वर्णपटात 0.5 ची चूक धरली तरी तो बुजत नाही. पण तापमान वर्णरेषांवरूनच काढा, रंगावरून अजिबात नको. धुळीमुळे तारा लाल दिसतो, आहे त्याहून थंड वाटतो, आणि तापमान बिघडलं की लॉग जी बिघडलंच. यात माझे महिने गेलेत, म्हणून इतकं घोळवून सांगतोय.

हायड्रोजन-अल्फाची (हायड्रोजन वायूची ठळक लाल, तान्ह्यांत बऱ्याचदा सापडणारी) उत्सर्जन रेषा दिसली की लगेच ‘तान्हा’ असा शिक्का मारू नका. ताऱ्याचा उजेड वर्णपटमापकाकडे नेणाऱ्या फायबरमध्ये आजूबाजूच्या तेजोमेघाचा उजेड शिरतो आणि आकाश वजा करायचा फायबर असतो भलतीकडेच. सोबत नायट्रोजन-गंधकाच्या अरुंद निषिद्ध रेषा (अतिविरळ वायूतच उमटणाऱ्या) असतील तर आधी तेजोमेघावर संशय घ्या.

‘यंत्रशिक्षणाला द्या, तासात वर्गीकरण’ असं सांगणारे भेटतील. त्याला शिकवायला वापरलेली यादीच रंगांवरून केलेली असेल, तर तोच गोंधळ वेगाने होणार. स्वतः एकही वर्णपट न्याहाळून न पाहणाऱ्या मार्गदर्शकाचं मी तरी ऐकत नाही.

सगळंच इतकं किचकट नाही. आपल्या आकाशगंगेतले मध्येच आलेले तारे त्रिज्यीय वेगावरून (आपल्यापासून दूर जाण्याच्या वेगावरून) बहुतेक गळून पडतात; मेघातल्यांचा वेग सेकंदाला 260 किलोमीटरच्या आसपास असतो. हे पटकन जमतं, धीर सोडू नका.

तेजस्विता सूर्याच्या 2,500 पटींहून कमी निघाली तरी तारा फेकू नका. कामथ, वुड आणि व्हान विंकेल यांनी 2014-15 मध्ये मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मॅजेलॅनिक मेघांतले असे बरेच तारे दाखवले: एजीबी गाठण्याआधीच, बहुधा जोडीदार ताऱ्यामुळे, बाहेरचं आवरण गमावलेले. हे पोस्ट-आरजीबी (आरजीबी ही एजीबीच्या आधीची लाल राक्षसी अवस्था). त्यांची फाइल पहिल्यापासून वेगळी ठेवा.