पोरगी सहावीत, खोली अजून बालवाडीत: मुलांची खोली नव्याने कशी लावावी

लेक चार वर्षांची असताना आम्ही हौसेने तिला मोटारीच्या आकाराचा पलंग करून घेतला. लाल रंग, पुढे दोन दिवे, लांबी पाच फूट. अकराव्या वर्षी तिचे पाय बॉनेटवर चढले. सुताराने काम इतके भक्कम केले होते की तो पलंग मोडायला दोन माणसे लागली आणि भंगारवाल्याने उलट आमच्याकडेच पैसे मागितले.

तेव्हापासून एक नियम पाळते. जे स्क्रूने आणि सिमेंटने बसते ते साधे ठेवायचे. जे धुता, काढता, फाडता येते ते पोरांच्या मर्जीचे. प्लाय दहा-पंधरा वर्षे टिकते, युनिकॉर्नचे प्रेम दोन वर्षे.

सुरुवात विचारपूस करून

“तुला काय हवं?” असे विचारू नका. मोबाइलवर पाहिलेली कुठली तरी खोली सांगतील. “काय नको?” असे विचारा, मग खरे बाहेर येते. आमच्याकडे यादी निघाली ती अशी: कार्टूनचे पडदे नकोत, धाकट्या भावाने न विचारता यायला नको आणि दिवा बंद करायला अंथरुणातून उठून दारापर्यंत जायला नको. या तिसऱ्या तक्रारीवर उपाय म्हणजे दाराशी आणि उशाशी असे दुहेरी बटण. मात्र हे रंगाच्या आधी कळले तरच उपयोग, कारण त्यासाठी भिंत फोडावी लागते.

शिवाय आठवडाभर नुसते बघा. पोर अभ्यास कुठे करते? आमची टेबल सोडून पलंगाला टेकून जमिनीवर बसायची. कारण पुढे कळले.

कामाचा क्रम चुकवू नका

आधी ओल, मग वीज, मग रंग, शेवटी फर्निचर. मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते, पण रंगारी एक आठवडा पुढे-मागे करतोच, आणि जूनच्या दमट हवेत पुट्टी वाळता वाळत नाही. दिवाळीनंतरची कोरडी हवा सगळ्यात चांगली. मेमध्येच करायचे असेल तर परीक्षा संपली की लगेच सुरू करा.

भिंतीला ओल आहे की नाही हे घरीच तपासता येते. फूटभर चौरस प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. कागदाच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमले तर ओल भिंतीतून येते आहे. मग बाहेरची भेग किंवा पलीकडच्या बाथरूमची गळती आधी बंद करा. नाहीतर पुढच्या श्रावणात नव्या रंगाला फोड येतील.

विजेचे काम एका दिवसात उरकते. अभ्यासाच्या टेबलावर हाताच्या उंचीला दोन प्लग घ्या, म्हणजे एक्स्टेन्शन बोर्ड पायात येणार नाही. मोबाइल चार्ज करण्याची जागा मात्र मी मुद्दाम हॉलमध्ये ठेवली. त्यावरून दोन दिवस अबोला होता.

रंग

भिंतीवरचे जुने स्टिकर ओढून काढू नका, रंगाची खपली सोबत येते. हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या आणि कोपऱ्यातून हळू सोलत जा. कपाटाच्या सनमाइकावरचा गोंद खोबरेल तेलाने निघतो: तेल चोळा, दहा मिनिटे थांबा, फडक्याने पुसा. भिंतीवर मात्र तेल लावू नका, तिथे नवा रंग धरत नाही.

रंग किती लागेल? आमची खोली 10 बाय 11, उंची साडेनऊ फूट. चारही भिंतींची लांबी मिळून 42 फूट, त्याला साडेनऊने गुणले की 399. दार-खिडकीचे चाळीसेक वजा केले की उरले 360 चौरस फूट. दोन हातांना लिटरमागे किती चौरस फूट होतात हे रंग कंपन्या सांगतात, त्या आकड्याने भागा. हा हिशेब स्वतः केलात की रंगारी दहा लिटर सांगतो तेव्हा नुसती मान डोलवावी लागत नाही.

लेकीला गडद जांभळा हवा होता. वाद घातला नाही. छोटा नमुन्याचा डबा आणला, दोन फुटी पुठ्ठ्यावर दोन हात मारले आणि तो पुठ्ठा भिंतीला लावून ठेवला. सकाळच्या उन्हात ठीक वाटला, रात्री ट्यूबलाइटमध्ये तिलाच तो “वांग्यासारखा” दिसला. शेवटी तीन भिंती मोतिया आणि पलंगामागची एक फिकट जांभळी. ती भिंत उद्या नको झाली तरी एका दिवसात बदलते.

इमारत जुनी असेल तर एक काळजी घ्या. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नसावे हा नियम नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः दारे-खिडक्यांवर, शिसे असू शकते. तो कोरडा घासायचा नाही. पाणी लावून घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा आणि तेवढे दिवस पोरांना आजीकडे धाडा.

टेबल: इथे घाई नको

पोर जमिनीवर का बसते याचे उत्तर टेपने दिले. तिला खुर्चीवर ताठ बसवले, तळपाय जमिनीला टेकलेले, दंड सैल, कोपर काटकोनात. कोपराच्या खालून जमिनीपर्यंत मोजले तर 23 इंच. टेबल होते 30 इंचांचे. सात इंचांचा फरक, म्हणून लिहिताना खांदे कानाला लागायचे.

छोटे टेबल घेऊ नका, दोन वर्षांत तेही जाईल. टेबल मोठ्या माणसाच्या मापाचेच करा, साडेतीन-चार फूट रुंद, दोन फूट खोल. खुर्ची मात्र वरखाली होणारी आणि शक्यतो चाकांविना. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळतात, म्हणून खाली आधार हवा. मी पाट ठेवला, तर सासूबाई म्हणाल्या, “जेवायच्या पाटाला पाय?” मग सुताराकडून उरलेल्या प्लायचा सात इंची ठोकळा करून घेतला. दर जूनमध्ये नव्या वह्यांसोबत कोपराचे माप पुन्हा घ्यायचे, खुर्ची खाली आणायची आणि ठोकळा कमी करायचा.

दिव्याची बाजू हातावर ठरते. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा. आमची डावरी. सुताराने सवयीने दिव्याची जागा डावीकडे काढली होती आणि तिच्या हाताची सावली वहीवर पडायची. ते बदलून घ्यावे लागले.

पलंग आणि कपाट

पलंग सरळ सहा बाय तीनचा, घरात उंच माणसे असतील तर साडेसहा फुटी. गादी बाजारात तयार मिळते, चादरी कधीही बदलता येतात. गादीखालच्या पेटीपेक्षा ड्रॉवर बरे. पेटीचे झाकण पोरांना उचलत नाही, म्हणून तिथे गेलेली वस्तू फक्त पुढच्या रंगकामात दिसते.

दोन भावंडांसाठी दुमजली पलंग मनात असेल तर आधी छताचा पंखा बघा. पाती छतापासून फूटभर खाली असतात आणि वरच्या गादीवर उभे राहिलेल्या पोराचा हात तिथे सहज जातो. पंखा भिंतीवर नेता येत नसेल तर तो विचार सोडा. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवायचे नाहीच. त्यापेक्षा खालून ओढून बाहेर येणारा दुसरा पलंग चांगला. आजी आली की तिचीही सोय होते.

उंच कपाट आणि पुस्तकांची मांडणी भिंतीला एल-पट्टीने पक्की करा. पोरे ड्रॉवरवर पाय देऊन चढतात, आणि कपाट अंगावर येते. एका ड्रॉवरला कुलूप लावा आणि दुसरी किल्ली स्वतःकडे ठेवू नका. मला हे जड गेले.

सामान परत आणताना

रंगानंतर चार-पाच दिवस खिडक्या उघड्या राहू द्या. मग फक्त पलंग, टेबल, कपडे आणि शाळेचे सामान आत न्या. बाकी सगळे खोक्यांत भरून हॉलमध्ये ठेवा आणि पोर मागेल तेवढेच काढून द्या. भिंतीवर सॉफ्टबोर्ड लावा, पण तो सजवू नका, तिच्यासाठी कोरा सोडा. महिन्याभरात जे खोके उघडलेच नाही ते देऊन टाका.

आमच्याकडे चार खोकी होती. तिसऱ्यात काय आहे हे लेकीला आठवत नाही. मला आठवते, म्हणून ते माळ्यावर गेले.