हातात नाणं, हात रिकामा

नाण्यांची जादू शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो : नाणं तळहातात टिकत का नाही? टिकतं. थोडा धीर धरला तर कोणाच्याही हातात टिकतं. खरी गोची त्यानंतर सुरू होते. ज्या हातात नाणं दडलंय तो हात, त्यात काहीच नसल्यासारखा वागवायचा असतो. बहुतेक जण पहिल्या अर्ध्यावर सगळी मेहनत खर्च करतात आणि दुसऱ्या अर्ध्यावर पकडले जातात. मी शिकलो आणि आता नवख्यांना दाखवतो, त्यातलं जे उपयोगी वाटतं ते इथे लिहितो आहे.

आधी नाण्याबद्दल. या कलेतली मंडळी अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर जीव टाकतात, आणि त्याला कारण आहे. व्यास ३०.६ मिलिमीटर, वजन अकरा ग्रॅमपेक्षा किंचित जास्त आणि कडेला बारीक दाते. कातडीला धरून राहतात ते हे दाते. चांदीचा जुना डॉलर त्याहून मोठा, ३८.१ मिलिमीटरचा, मोठ्या पंजाला शोभतो आणि लांबूनही दिसतो. पण हीच नाणी हवीत असं काही नाही. दातेरी कडेचं आणि हाताला जरा वजन लागणारं कुठलंही नाणं चालतं. लहान नाणं लपवायला सोपं जाईल असं वाटतं, ते मात्र खोटं. ते धरायला तळहात जास्त आकसावा लागतो आणि आकसलेला हात लगेच नजरेत भरतो.

नाणं हातात दडवून धरण्याला पाम म्हणतात. सुरुवात फिंगर पामनं करा, म्हणजे बोटांच्या मुळाशी दडवण्यानं. मधलं बोट आणि अनामिका जिथे तळहाताला मिळतात, तिथे आडवं नाणं ठेवायचं आणि बोटं नेहमीसारखी सैल वळू द्यायची. बस, एवढंच. हात खाली सोडून उभे राहिलात की बोटं आपोआप तेवढीच वळलेली असतात, म्हणून इथे वेगळं नाटक करावं लागत नाही. गंमत म्हणजे हे इतकं सोपं आहे म्हणूनच नवखे त्याला हलक्यात घेतात आणि थेट क्लासिक पामच्या मागे लागतात. कसलेले लोक मात्र जन्मभर फिंगर पाम वापरतात.

क्लासिक पामबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण हात सगळ्यात जास्त वैतागतात ते इथेच. नाणं तळहाताच्या मध्यावर, दोन उंचवट्यांच्या मध्ये धरलं जातं : एक अंगठ्याच्या मुळाशी, दुसरा करंगळीच्या बाजूला. हात बघणारे ज्यांना शुक्राचा आणि चंद्राचा उंचवटा म्हणतात, तेच हे दोन. मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या टोकांवर नाणं तोलायचं, बोटं मिटून ते तळहातात दाबायचं आणि अंगठ्याचा उंचवटा अगदी थोडा आत घ्यायचा. इथे ताकदीचा संबंध नाही. नेमकी जागा सापडण्याचा आहे. प्रत्येक हाताची जागा दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे असते, ती दुसरा कोणी दाखवू शकत नाही. नाणं सारखं घसरत असेल तर जास्त दाबू नका, ते किंचित मनगटाकडे किंवा बोटांकडे सरकवून पाहा. हात फार कोरडे असतील तर नाणं ठरत नाही. हाताला थोडासा ओलावा असला की काम होतं.

जागा सापडली की अंगठा बघा. नवख्याचा अंगठा एक तर ताठ बाहेर आलेला असतो, नाही तर तळहाताला चिकटलेला. दोन्ही चुगलखोर. करंगळीही तशीच, उगाच वर उठते. यावर मला माहीत असलेला एकच उपाय : नाणं पाम केलेल्या हातानं कामं करायची. पेला उचला, दार उघडा, पुस्तकाची पानं उलटा, कोणाशी बोलताना हातवारे करा. सुरुवातीला नाणं पडेल, खणकन आवाज होईल, पलंगाखाली जाईल. म्हणून सराव गादीवर किंवा जाड चादरीवर बसून करावा. काही काळानं हातात नाणं आहे हेच विसरायला होतं, आणि आपल्याला तेच हवं असतं. एकोणिसाव्या शतकातल्या रॉबेर-हूदँ या फ्रेंच जादूगारानं आठवणींत लिहून ठेवलंय, की तो चालता-फिरता कोटाच्या खिशात हात घालून नाण्यांचा आणि पत्त्यांचा सराव करायचा. मूळचा घड्याळजी होता तो, चिकाटी त्याच्या धंद्यातच होती.

आता खोटं देणं. एका हातातलं नाणं दुसऱ्या हातात दिल्यासारखं करायचं आणि प्रत्यक्षात पहिल्याच हातात ठेवायचं. बहुतेकांना पहिल्यांदा फ्रेंच ड्रॉप नावाचा प्रकार शिकवतात. माझं मत वेगळं आहे. तो वाईट नाही, पण त्यात नाणं धरण्याची पद्धतच इतकी विचित्र आहे, की खरं नाणं देताना कोणी तसं धरत नाही. त्यापेक्षा रिटेन्शन पास शिकावा. अंगठा आणि तर्जनीच्या टोकात नाणं धरून ते आपल्याच दुसऱ्या हाताच्या उघड्या तळहातावर टेकवायचं. त्याच्यावर उजेड पडला पाहिजे, चमकलं पाहिजे. त्या दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून, करंगळीपासून, नाण्यावर मिटायला लागतात आणि मिटता मिटता, शेवटच्या क्षणी, देणारा हात नाणं सोबत घेऊन मागे सरकतो. डोळ्यात नाण्याची चमक क्षणभर रेंगाळते, म्हणून ते मुठीत गेलं असं बघणारा शपथेवर सांगतो. नाणं लवकर ओढलंत तर चमक मुठीबाहेर दिसते, उशीर केलात तर बोटं अडखळतात. या मधल्या पट्टीत यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पण पास कितीही सफाईदार असला, तरी रिकामी मूठ खोटी दिसली तर सगळं पाण्यात. नवखा मूठ करकचून आवळतो. खरं नाणं मुठीत असताना बोटांच्या आत तेवढी जागा असते, मुठीला थोडं वजन येतं. म्हणून आधी खरं नाणं खरोखर द्या, पुन्हा पुन्हा द्या, आणि आपला हात काय करतो ते बघा. मग त्याचीच नक्कल करा. नजरही तिकडेच जाऊ द्या, जिथे नाणं असायला हवं. देणारा हात, ज्यात ते खरंच आहे, त्याला लगेच खाली टाकू नका आणि मागेही लपवू नका. मुठीकडे बोट दाखवायला वापरा. बोट दाखवणाऱ्या हातावर सहसा कोणी संशय घेत नाही.

आरसा चांगला, पण त्याची एक खोड आहे. चलाखीच्या नेमक्या क्षणी आपण नकळत डोळे मिचकावतो, आणि मग आरशात सगळं झकास दिसतं. मोबाईल समोरच्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवून चित्रण करा. एकदा बसलेल्या माणसाच्या उंचीवर, एकदा उभ्या माणसाच्या, एकदा डाव्या बाजूनं. कुठल्या कोनातून नाण्याची कड डोकावते ते तेव्हा कळतं. क्लासिक पाम समोरून आणि वरून बघणाऱ्याला फसवतो, पण खालून बघणाऱ्या लहान मुलापुढे निभावणं कठीण.

एकापेक्षा जास्त नाणी घेण्याची घाई नको. दोन नाणी हातात असली की एकमेकांवर आपटून वाजतात, आणि तो बारीकसा आवाज सगळ्यांना ऐकू जातो. हवेतून नाणी पकडून टोपीत टाकण्याच्या खेळावर टी. नेल्सन डाउन्स (१८६७–१९३८) यानं नाव काढलं. त्याआधी तो रेल्वेत तारमास्तर होता. त्याच्यासारखी नाण्यांची चळतच हातात दडवण्याची स्वप्नं बघायला हरकत नाही, पण ती एका नाण्याचा हात मोकळा झाल्यावर. बोटांच्या पेरांवरून नाणं फिरवत नेणंही तसंच. दिसतं देखणं, बोटं मोकळी होतात, पण प्रेक्षकांसमोर ते केलंत की त्यांना कळतं, या माणसाचे हात तयार आहेत. मग ते हातांकडेच बघत राहतात. घरी करा.

शेवटचा भाग नाणं टाकण्याचा, आणि तो कोणी फारसा शिकवत नाही. खेळ झाल्यावरही नाणं हातात तसंच असतं. ते खिशात सोडायचं तर हात खिशात जायला कारण हवं, आणि ते कारण आधीपासून पेरलेलं हवं. खिशातून पेन काढून त्यानं मुठीवर टिचकी मारणं हे जुनं कारण आहे आणि आजही चालतं : पेन काढताना नाणं खिशात राहतं, टिचकी बसते, मूठ उघडते. फक्त पेन खरंच त्याच खिशात आहे ना, हे खेळाला उभं राहण्याआधी चाचपून घ्या.