हवामानाचा नकाशा शिकवायचाय? आधी कूलरबद्दल विचारा

चौथीच्या वर्गात पहिल्याच दिवशी स्मार्ट टीव्हीवर हवामानाचा नकाशा लावला, तर मुलं रंग बघतात, हवामान नाही. म्हणून पहिला आठवडा टीव्ही बंद ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: मे महिन्यात घर गार करणारा कूलर जुलैत का चालत नाही?

नागपूरच्या प्रत्येक मुलाकडे याचं काही ना काही उत्तर असतं. सगळी ऐकून घ्या. मग प्रयोगशाळेतले दोन साधे थर्मामीटर घ्या (तापाचा चालणार नाही). एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि दोघांनाही वहीनं वारा घाला. ओल्याचा पारा उतरतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता खर्च होते. पावसाळी दिवशी तो जेमतेम उतरतो. हवेत बाष्प आधीच भरलेलं असतं. हाच प्रयोग एप्रिलच्या कोरड्या दुपारी पुन्हा करा आणि फरक मुलांनाच मोजू द्या. ‘आर्द्रता’ हा शब्द फळ्यावर लिहायची वेळ प्रयोगानंतरची.

आता रोजची नोंद सुरू करा. थर्मामीटर सावलीत, भिंतीपासून दूर टांगा. पाऊस मोजायला सरळ कडांची प्लास्टिकची बाटली कापून वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा. तळाशी खडे घालून ते बुडेपर्यंत पाणी ओता. त्या पातळीवर पट्टीचा शून्य येऊ द्या. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी, हे वर्गाच्या फरशीवर चौकोन आखून दाखवा. नोंद सकाळी साडेआठलाच घ्या, कारण हवामान विभागही चोवीस तासांचा पाऊस साडेआठ ते साडेआठ असाच मोजतो. सोनेगावच्या (नागपूर विमानतळाजवळच्या हवामान केंद्राच्या) आकड्याशी तुमचा आकडा जुळला नाही तर घाबरू नका. सीताबर्डीत धो धो आणि मानेवाड्यात रस्ता कोरडा, हे मुलांनी पाहिलेलं असतं.

यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. विदर्भाचा कोरा नकाशा प्रोजेक्टरनं फरशीवर पाडा किंवा खडूनं काढा. एकेक मूल एकेक गाव: नागपूर, वर्धा, चंद्रपूर, अमरावती, अकोला, बुलढाणा, गोंदिया. हवामान विभागाच्या संकेतस्थळावरून त्या दिवशीचं कमाल तापमान काढा आणि प्रत्येकाच्या पाटीवर लिहा. सारख्या आकड्यांची मुलं सुतळीनं जोडा. ही झाली समताप रेषा. बुलढाण्याचा आकडा बहुधा कमी असतो. का, ते मुलं शोधतात आणि गाव उंचावर आहे इथपर्यंत पोचतात. नकाशा म्हणजे अनेकांनी एकाच वेळी घेतलेल्या नोंदी, हे त्यांना इथं कळतं. हवेचा सारखा दाब जोडणाऱ्या समदाब रेषा पाचवी-सहावीपर्यंत थांबू शकतात.

आता टीव्ही लावा. इन्सॅट उपग्रहाची दर अर्ध्या तासाची चित्रं सलग दाखवा. प्रोजेक्टर असेल तर भिंतीवर कार्डशीट लावून ढगांच्या कडा वेगवेगळ्या रंगांनी गिरवायला सांगा. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरचं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडे सरकताना दिसतं. विदर्भातला मोठा पाऊस बहुधा त्याच्याबरोबर येतो. लगेच रडारचं चित्र शेजारी ठेवा. उपग्रहाला वरून ढगांचे माथे दिसतात, तर रडारला पावसाचे थेंब. त्यामुळे उपग्रहात पांढरंशुभ्र दिसणाऱ्या ठिकाणी पाऊस असेलच असं नाही.

इशाऱ्याचे रंग जपून शिकवा. हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे लगेच कृती करा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, तेव्हा काहींच्या घरात पाणी शिरलं होतं. त्या मुलांना सांगावंसं वाटलं तर सांगू द्या, आग्रह नको.

आणखी एक गोष्ट याच वयात शिकवावी. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि बातमी देशभर गेली. तो आकडा संवेदकातल्या बिघाडामुळे आल्याचं हवामान विभागानं नंतर सांगितलं. मुलांना विचारा: आकडा खरा की खोटा, हे तुम्ही कसं तपासलं असतं? शेजारच्या केंद्रांचे आकडे बघू, असं कुणी म्हणालं की सुतळीचा खेळ कामी आला समजा.

शेवटच्या आठवड्यात रोज दोन मुलांना नकाशासमोर उभं करून उद्याचा अंदाज सांगायला लावा आणि मोबाईलवर चित्रित करा. अंदाजासोबत ‘कशावरून’ हे सांगणं सक्तीचं. दुसऱ्या दिवशी साडेआठला बाटली बघायची आणि मग कालचं चित्रण लावायचं.