'किम' वाचताना या चुका टाळा

रडयार्ड किपलिंगची 'किम' ही कादंबरी, ब्रिटिश हिंदुस्थानात हेर बनणाऱ्या किम नावाच्या पोरक्या पोराची गोष्ट, १९०१ साली पुस्तकरूपात आली आणि आजही साहित्याचे विद्यार्थी व हेरकथांचे चाहते ती वाचतात. तिच्यावर लिहिताना होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. किमचं वेषांतर पाहून वाचक भुलतो, आणि कपडे बदलले की ओळखही बदलली असं धरून चालतो.

म्हणून काही जण किमला अर्धा हिंदुस्थानी ठरवून टाकतात. कादंबरी पहिल्याच पानांत सांगते की तो गोरा आहे, गोऱ्यांतला अगदी गरीब. बाप आयरिश पलटणीतला सार्जंट, आई एका कर्नलच्या घरी मुलं सांभाळणारी. लाहोरच्या गल्ल्यांत तो कधी हिंदू पोर होतो, कधी मुसलमान. पण बापाची कागदपत्रं ताईत म्हणून गळ्यात असतात. त्यांच्याच जोरावर तो पुढे लखनौच्या साहेबांच्या शाळेत पोचतो. त्याच गल्लीतल्या दुसऱ्या पोरानं साहेबाचा कोट चढवला असता तर त्याला त्या शाळेत कुणी घेतलं असतं का? हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय 'बहुरूपी किम' वगैरे लिहू नका.

लर्गनच्या घरातला प्रसंग तर घाईनं वाचूच नका. सिमल्यात हा लर्गन साहेब किमला हेरगिरीसाठी पारखून घेतो. ताटातली रत्नं क्षणभर पाहून आठवायची, हा खेळ सगळ्यांना ठाऊक असतो. पुढे स्काउट चळवळीचा संस्थापक बेडन-पॉवेल यानं तो स्काउटांच्या शिक्षणातही आणला. त्याआधीची फुटलेल्या घड्याची गोष्ट मात्र निसटते. घड्याचे तुकडे पुन्हा जुळताहेत असा भास लर्गन किमला करून देतो. तोवर किम हिंदीत विचार करत असतो. भुरळ पडतेय असं जाणवताच त्याचं मन धडपडून इंग्रजी पाढ्यांचा आधार घेतं, आणि घडा फुटलेलाच दिसतो. इंग्रजी म्हणजे भान, हिंदी म्हणजे भूल, अशी ही मांडणी आहे.

तिचं वजन कळायला लेखकाचं बालपण माहीत हवं. किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवत. लहानपणी आपण देशी बोलीतच विचार करायचो, स्वप्नंही तिच्यातच पडायची आणि आईवडिलांपुढे जाताना आता इंग्रजी बोला अशी ताकीद मिळायची, असं त्यानंच आठवणींत लिहिलंय. हेरगिरीची परीक्षा पास व्हायला किमला नेमकी तीच बोली मागं टाकावी लागते. मला हे पुस्तकातलं सगळ्यात वेदनादायक पान वाटतं.

हेरगिरीचा हा सारा खेळ कल्पनेतला समजणं ही आणखी एक चूक. ब्रिटिश सरकारच्या सर्वेक्षण खात्यानं कुमाऊँच्या नैनसिंह रावतांना डेहराडूनला तयार करून गुप्तपणे तिबेटात पाठवलं. १८६६ च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले. अंतर गुपचूप मोजायला जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, शंभर पावलांमागे एक मणी. मैलाला २००० पावलं, म्हणजे एक माळ संपली की पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात लपवलेले. १८७७ साली लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं.

आता हरीबाबूकडे पाहा. हा बंगाली हेर हास्यास्पद रंगवलाय, म्हणून त्याला विदूषक म्हणून मोडीत काढू नका. हिमालयात एक रशियन आणि एक फ्रेंच हेर येतात, तेव्हा वाटाड्या बनून त्यांना शेवटपर्यंत गुंगवतो तो हाच. त्याला आणि या हेरांचा साहेब कर्नल क्रेटनला, दोघांनाही रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेचं सभासदत्व हवंय. कर्नलची हौस साधी वाटते, बाबूची मात्र हसण्यावारी जाते. काम सारखं, हौस सारखी, तरी हा भेद का, त्यावर लिहा.

१८५७ बद्दल एक म्हातारा रिसालदार बोलतो. पलटणींना वेड लागलं होतं, असं तो म्हणतो. तो हिंदुस्थानी आहे म्हणून ते हिंदुस्थानचं मत ठरत नाही. साहेबांशी इमान राखून मानसन्मान मिळवलेल्या शिपायाच्या तोंडी लेखकानं ते घातलंय.

आणि शेवट. पवित्र नदी शोधत फिरणाऱ्या तिबेटी लामाचा किम चेला झालेला असतो; तो चेलाच राहतो की सरकारी हेर, हे कादंबरी सांगत नाही. लामाला त्याची नदी सापडते. किमच्या नोकरीचं पुढे काय, ते कोरं आहे. निबंधात ती जागा आपल्या मनानं भरू नका.