घरासमोरचा मोर

एम.टेक.ला इंग्रजी-मराठी मशीन ट्रान्सलेशन, म्हणजे संगणकाकडून भाषांतर, हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, दिवस मॉडेल घडवण्यात जातील. गेले ते वाक्यं निवडण्यात, तांदूळ निवडावेत तसे.

मॉडेल आयतं मिळतं. २०१७ मध्ये ट्रान्सफॉर्मर ही मॉडेलची रचना आली आणि रचनेचा प्रश्न बराचसा मिटला. आयआयटी मद्रासच्या एआय४भारतनं २०२१ मध्ये ११ भारतीय भाषांसाठी 'समानंतर' हा वाक्यजोड्यांचा (इंग्रजी वाक्य आणि त्याचं भाषांतर) साठा खुला केला, २०२३ मध्ये इंडिकट्रान्स२ हे तयार मॉडेल. सुरुवात तिथूनच करा. पण साठा उघडून वाचा, आणि वाचण्याआधी युनिकोड, म्हणजे अक्षरांमागचे संगणकी संकेत, तपासा. माझ्याकडे 'दुसऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप झालेला होता: कुठे 'ऱ' वापरून, कुठे साधा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, मॉडेलच्या लेखी मात्र वेगवेगळे शब्द. दहा ओळींच्या स्क्रिप्टनं काम झालं. कळायला दीड महिना लागला.

मग शब्दांचे तुकडे, कारण मॉडेल शब्द तुकड्यातुकड्यांनी वाचतं. ते पाडणारी बीपीई ही पद्धत कोणती अक्षरं वारंवार शेजारी येतात एवढंच बघते, व्याकरण नाही. मराठीत 'घरासमोरच्यांनाही' एवढं सगळं एका शब्दात मावतं, त्यामुळे तुकडे कुठेही पडतात. माझ्या यादीत 'घरासमोर'चे 'घरास' आणि 'मोर' झाले होते. लॅबमध्ये त्या मोराचं चित्र बरेच दिवस फळ्यावर होतं.

भाषांतर नमुन्याशी किती जुळतं ते सांगणारा आकडा म्हणजे ब्लू स्कोर. एकदा तो एकदम उसळला. मी पेढे आणायच्या बेतात. गाइडनी एवढंच विचारलं, "टेस्टमधली वाक्यं ट्रेनिंगमध्ये नाहीत ना?" होती, म्हणजे परीक्षेचे प्रश्न मॉडेलनं आधीच शिकलेले. सरकारी प्रसिद्धिपत्रकांत तीच वाक्यं पुन्हापुन्हा येतात. जोड्या ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटण्याआधी डुप्लिकेट काढायचे असतात, हे मी त्या दिवशी शिकले.

तसाही ब्लू मराठीवर अन्यायच करतो. २००२ सालचं हे माप अख्खे शब्द जुळवतं. माणसानं केलेल्या नमुना भाषांतरात 'घरासमोर' आणि मॉडेलनं 'घराच्या समोर' लिहिलं, तर एकही शब्द जुळत नाही. सीएचआरएफ हे दुसरं माप अक्षरांचे तुकडे जुळवतं, म्हणून दोन्ही आकडे द्या. शिवाय ५० भाषांतरं स्वतः वाचून चुकांची वही ठेवा. 'वुई'चं 'आम्ही' की 'आपण', 'आय वेंट'चं 'गेलो' की 'गेले', हे कुठल्याच आकड्यात दिसत नाही.

माझ्या वहीतली सर्वांत चांगली नोंद माझी नाहीच. औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर मी आत्याला वाचायला दिलं. ती निवृत्त शिक्षिका, लाल पेन घेऊनच बसली. मॉडेल एकेक वाक्य सुटं भाषांतरित करत होतं, त्यामुळे 'यू'चं एकदा 'तुम्ही', पुढच्याच ओळीत 'तू'. तिनं चष्मा वर केला. "काय गं, हा डॉक्टर मध्येच अरेतुरेवर का येतो?"

प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावर झालं.