घरातल्या मारहाणीचा धोका जोखताना या चुका टाळा

गावात बाई सहसा पहिल्यांदा आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला सांगते, तेही आडून: "मारतात कधी कधी, पण तसे चांगले आहेत." यानंतर काय विचारायचं, इथेच चुका होतात.

वळ पाहून धोका ठरवणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गळा दाबलेला असतो आणि मानेवर साधा ओरखडाही नसतो. "गळा दाबला का?" एवढ्यावर थांबू नका. मानेला हात, ओढणी, दोरी काही लावलं होतं का? डोळ्यांपुढे अंधारी आली? आवाज बसला? गिळताना दुखतं? त्या वेळी नकळत लघवी झाली? गळा दाबल्याचं कळलं तर तिला बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या, कारण आतली सूज काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनीही वाढते आणि श्वास अडतो. केसपेपरवर "गळा दाबला" असंच लिहून घ्या. नुसत्या "घसा दुखतो" या नोंदीचा पुढे कोर्टात उपयोग नाही.

सासूसमोर विचारणे

वस्तीवर बाहेरचं कोणी येऊन गेलं की संध्याकाळपर्यंत घरात चौकशी होतेच. म्हणून वजन, लोहाच्या गोळ्या, बाळाचं लसीकरण यातलं एखादं खरं निमित्त धरून तिला उपकेंद्रावर एकटीला गाठा. घरातला फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या हाती असतो, तेव्हा त्यावर मेसेज नको आणि हातात माहितीपत्रकही नको.

उत्तरांचे गुण मोजत बसणे

आठपैकी तीन म्हणजे कमी धोका, असं गणित इथे चालत नाही. जीवे मारण्याची धमकी, कोयता किंवा कुऱ्हाड उगारणं, गरोदरपणातली मारहाण, सतत संशय आणि पाळत, "मी औषध पिईन" असं त्याचं म्हणणं, अलीकडे वाढलेला मार: यातलं एकही गंभीर धरा. ती "हा मला मारूनच टाकेल" म्हणाली तर विश्वास ठेवा. पण "काही नाही करणार" म्हणाली म्हणून निर्धास्त होऊ नका. सवयीने धोका कमी वाटू लागतो. तिच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का, हेही सरळ विचारा. असा प्रश्न विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. घरात फवारणीचं औषध असेल तर ते दुसरीकडे हलवायची सोय बघा.

"निघून ये" असं लगेच सांगणे

ती घर सोडते तो काळ सगळ्यात जोखमीचा. आधी ठरवा: कोणती एसटी, शेवटची गाडी चुकली तर कुणाकडे, मुलं कुठे. आधार, रेशनकार्ड, पासबुक, मुलांचे जन्मदाखले यांच्या झेरॉक्स भरवशाच्या घरी ठेवा. तो सामान तपासत असेल तर पिशवी भरून ठेवायला सांगू नका.

आधी गावात मिटवायचा प्रयत्न

पोलीस पाटील किंवा तंटामुक्त समितीपुढे दोघांना बसवलं की ती काय बोलली हे त्याला आयतं कळतं, आणि रात्री ती त्याच घरी परतते. कागदावरच्या सह्या तिला वाचवत नाहीत.

त्याऐवजी तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कामासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जा. कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 च्या कलम 4 प्रमाणे ही माहिती कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूने देणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. घटनेचा अहवाल नमुना 1 मध्ये भरतात. नमुना 5 हा सुरक्षा आराखड्याचा. तो कोरा राहणार नाही हे पाहा. कलम 12 च्या, म्हणजे कोर्टाकडे दाद मागण्याच्या अर्जाची पहिली तारीख साधारणपणे 3 दिवसांच्या आत पडायला हवी, आणि धोका तातडीचा असेल तर कलम 23 खाली नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही आदेश मागता येतो. जीवाला धोका असेल त्या क्षणी 112, सल्ला आणि निवाऱ्यासाठी 181.

एकदाच जोखणे

कोर्टाची नोटीस पोहोचली, तो जामिनावर सुटला, ती माहेरहून परतली: प्रत्येक वेळी सगळे प्रश्न नव्याने विचारा. नोटीस कोणत्या दिवशी त्याच्या हातात पडणार हे संरक्षण अधिकाऱ्याला विचारून घ्या, आणि त्या रात्री ती नि मुलं कुठे झोपणार हे आदल्या दिवशीच ठरवा.